अकरा टक्क्यांचा हिशेब

विजेवर चालणारा ब्रश साध्या ब्रशपेक्षा दात जास्त स्वच्छ करतो का? उत्तर 'हो' असे आहे, आणि ते गेल्या पन्नासेक वर्षांच्या चाचण्यांतून आलेले आहे, त्यामुळे त्याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो पुढच्या दोन प्रश्नांचा. जास्त म्हणजे किती जास्त? आणि हा जास्तीचा स्वच्छपणा नेमका कशामुळे येतो? दुकानात ब्रशचा खोका हातात घेऊन किमतीकडे पाहणाऱ्या माणसाला खरे तर हेच दोन प्रश्न पडायला हवेत. पण खोक्यावर त्यांची उत्तरे नसतात. माझे म्हणणे असे की फायदा खरा आहे पण बेताचा आहे, आणि त्याचा मोठा हिस्सा माणसाच्या हाताची उतावीळ भरून काढण्यातून येतो. हे मान्य केले, तर विजेचा ब्रश कोणी घ्यावा आणि कोणी त्यावाचूनही खुशाल राहावे, हे आपोआप ठरते.

ज्या थराविषयी हे सगळे चालले आहे, तो प्लाक म्हणजे काय ते आधी पाहू. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक न दिसणारा पापुद्रा दातांवर बसतो. त्याला काही जातींचे जिवाणू येऊन चिकटतात, त्यांना दुसऱ्या जाती बिलगतात, आणि सगळे मिळून आपल्याभोवती एक चिकट आवरण तयार करतात. पाण्याचा माठ बरेच दिवस घासला नाही तर आतून हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो याच कुळातला. चूळ भरून तो जात नाही, त्याला घासूनच काढावे लागते. आणि काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचे कीटण बनते. कीटण मात्र कोणत्याही ब्रशला दाद देत नाही, साध्या नाही आणि विजेच्याही नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा लगदा सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात वळवळणारे जीव पाहिले आणि तसे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पण हा थर आणि हिरड्यांचे दुखणे यांचे नाते प्रयोगाने पक्के व्हायला १९६५ साल उजाडावे लागले. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हुस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. इतका स्वच्छ कार्यकारणभाव वैद्यकात सहसा पाहायला मिळत नाही. थर काढला पाहिजे, हे तेव्हापासून ठरलेले आहे. कशाने काढायचा, एवढाच प्रश्न उरतो.

थर किती निघाला हे मोजतात कसे, ते समजल्याशिवाय पुढचे आकडे समजणार नाहीत. प्लाक दाताच्याच रंगाचा असतो, म्हणून आधी दातांवर एक रंग लावतात. थर रंग धरतो, स्वच्छ दात धरत नाही. मग तपासणारा एकेका दाताला शून्य ते पाच यांपैकी गुण देतो. १९६२ साली क्विगली आणि हाइन या दोघांनी सुचवलेल्या आणि १९७० साली सुधारून घेतलेल्या या पद्धतीत शून्य म्हणजे थर नाही, एक म्हणजे हिरडीच्या कडेला तुरळक ठिपके, दोन म्हणजे कडेने सलग पण एक मिलिमीटरपर्यंतचीच पट्टी, तीन म्हणजे त्याहून रुंद पण दाताच्या एक तृतीयांशापेक्षा कमी, चार म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत आणि पाच म्हणजे त्याच्याही वर. यात थराचे वजन होत नाही, जाडी मोजली जात नाही. त्याने दाताची किती जागा व्यापली याचा तो नजरेने केलेला अंदाज आहे. अंदाज शिकलेल्या नजरेचा असतो, आणि तपासणाऱ्याला कोणी कोणता ब्रश वापरला हे कळू दिलेले नसते. तरी तो अंदाजच.

आता मुख्य पुरावा. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या गोळा करून, पारखून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या विषयावर अनेकदा काम केले आहे. २००३च्या आढाव्यात सगळ्या विजेच्या ब्रशांपैकी फक्त एकच प्रकार साध्या ब्रशपेक्षा सातत्याने सरस ठरला होता: छोटे गोल डोके, जे आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला अर्धवट फिरते. बाकीचे प्रकार साध्या ब्रशच्या बरोबरीचेच निघाले. २०१४च्या आढाव्यात १९६४ ते २०११ या काळातल्या ५६ चाचण्या आल्या. त्यांतल्या ५१ चाचण्यांमधल्या ४६२४ जणांचे आकडे एकत्र करता आले. या चाचण्यांत लोक आपापल्या घरी, कोणी डोक्यावर उभे नसताना, निदान चार आठवडे तो ब्रश वापरत होते, म्हणजे परिस्थिती बऱ्यापैकी खऱ्या आयुष्यासारखी होती. निष्कर्ष असा: एक ते तीन महिन्यांत विजेच्या ब्रशवाल्यांच्या दातांवरचा थर साध्या ब्रशवाल्यांपेक्षा ११ टक्क्यांनी कमी, आणि तीन महिन्यांपुढे २१ टक्क्यांनी कमी. हिरड्यांची सूज याच क्रमाने ६ आणि ११ टक्क्यांनी कमी. पुराव्याचा दर्जा मध्यम. आणि शेवटी एक वाक्य, जे बातम्यांत बहुधा गाळले जाते: या फरकाचे दातांच्या आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व किती, हे स्पष्ट नाही.

हे वाक्य संशोधकांच्या नेहमीच्या सावधगिरीतून आले असे समजून पुढे जाण्यासारखे नाही. ११ टक्के कशाचे, हे पाहा. साध्या ब्रशवाल्यांचे सरासरी गुण दोन आले असे धरू. मग विजेच्या ब्रशवाल्यांचे पावणेदोनच्या किंचित वर येतील. म्हणजे दोन्हीकडे सरासरी दातावर हिरडीच्या कडेने बारीक पट्टी आहेच. एकीकडे काही दातांवर ती तुटून तिचे ठिपके झाले आहेत, एवढेच. २१ टक्के धरले तर फरक वाढतो, पण चित्र पालटत नाही. शिवाय शून्य ते पाच ही मापपट्टी सेंटिमीटरच्या पट्टीसारखी नाही. एकवरून शून्यावर येणे आणि पाचवरून चारवर येणे यांत दोन्हीकडे एकच गुण कमी होतो, पण निघालेला थर कितीतरी वेगळा असतो. त्यामुळे 'थर २१ टक्के कमी' याचा अर्थ 'एक पंचमांश जिवाणू जास्त गेले' असा घेता येत नाही. जाहिरातीत हाच आकडा कोणत्या बाजूने सांगायचा हे कंपनीच्या हातात असते. साध्या ब्रशनंतर उरलेल्या थराशी तुलना केली की एक आकडा, हिरडीच्या कडेपुरतेच मोजले की दुसरा, दाढांच्या फटीजवळचेच मोजले की तिसरा, आणि हे सगळे आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. म्हणून 'इतके पट जास्त' असे लिहिलेले दिसले की कशाच्या इतके पट, हे आधी विचारावे.

फायदा येतो कुठून, याचा माग काढायला दुसऱ्या प्रकारचे अभ्यास उपयोगी पडतात. त्यांत माणूस एकदाच दात घासतो, आणि आधीचा व नंतरचा थर मोजतात. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी अशा अभ्यासांचे दोन मोठे आढावे घेतले. साध्या ब्रशने एका वेळी सरासरी ४२ टक्के थर कमी होतो, असे २०१२ साली निघाले. विजेच्या ब्रशने ४६ टक्के, असे २०१६ साली. मोजण्याची पद्धत बदलली की हे आकडे बरेच हलतात, आणि हे दोन वेगळे आढावे आहेत, त्यामुळे त्यांची एकमेकांवर शर्यत लावणे फारसे बरोबर नाही. पण मला त्या चार टक्क्यांपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक बोलकी वाटते. माणूस दात घासून, चूळ भरून, तोंड पुसून बाहेर येतो तेव्हा निम्म्याहून अधिक थर जागच्या जागी असतो, हातात कोणताही ब्रश असो.

असे का होते? पहिले कारण वेळ. सगळीकडे दोन मिनिटे सांगितली जातात, आणि प्रत्यक्षात मोजले की पाऊण मिनिटाच्या आसपास आकडा येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्याच ब्रशने वेगवेगळा वेळ घासून पाहिले. ४५ सेकंदांऐवजी १२० सेकंद घासले, तर २६ टक्के जास्त थर निघाला. ३० सेकंदांऐवजी १८० सेकंद घासले, तर ५५ टक्के जास्त. या आकड्यांची मापपट्टी कॉक्रेनच्या आकड्यांहून वेगळी आहे, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. पण ब्रश न बदलता, एक पैसा न खर्चता, फक्त घड्याळाकडे पाहून मिळणारा फायदा लहान नाही, एवढे त्यातून दिसते. दुसरे कारण हात कुठे आणि कसा फिरतो. समोरच्या दातांवर आणि गालाकडच्या बाजूंवर ब्रश भरपूर चालतो. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू आणि हिरडीची कड यांच्या वाट्याला तो येतच नाही. ब्रशचे केस हिरडीच्या कडेशी तिरके धरून बारीक हलवावेत, ही रीत न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स बॅस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर सांगितली, आणि आजही दंतवैद्य बहुधा तीच सांगतात. बहुधाच म्हणायचे, कारण युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या दोन संशोधकांनी २०१४ साली दहा देशांतल्या दंतसंघटना, कंपन्या आणि पाठ्यपुस्तके काय सांगतात ते तपासले, तेव्हा कोणती पद्धत उत्तम यावर एकमत आढळले नाही. तज्ज्ञांचेच असे, तर सकाळी सातच्या लोकलची घाई असलेल्या माणसाला काय दोष द्यायचा?

विजेचा ब्रश नेमका याच दोन ठिकाणी मदत करतो. बारीक, भरभर हालचाल तो स्वतः करतो; माणसाने फक्त डोके एकेका दातावर नेऊन ठेवायचे. बहुतेक ब्रशांत दोन मिनिटांचे घड्याळ असते आणि अनेक ब्रश दर तीस सेकंदांनी अडखळून, तोंडाचा पुढचा चौथा भाग घ्या, अशी सूचना देतात. म्हणून माझा निष्कर्ष असा, की मोटरला जे श्रेय दिले जाते, त्यातले बरेचसे त्या घड्याळाचे आणि एकेका दातावर थांबायला लावणाऱ्या छोट्या डोक्याचे असावे. याला एक आक्षेप येतो. वेळ दोन्हीकडे सारखा ठेवलेल्या चाचण्यांतही विजेचा ब्रश पुढेच राहतो, मग सगळे श्रेय घड्याळाला कसे? आक्षेप रास्त आहे. सगळे श्रेय घड्याळाचे नाहीच. मिनिटाला हजारो वेळा हलणारे केस तेवढ्याच वेळात हातापेक्षा अधिक घासतात, आणि त्याचा उपयोग होतोच. पण घरी, कोणी पाहत नसताना, वेळ दोन्हीकडे सारखा राहत नाही, आणि आपले दात घरीच घासले जातात.

याहून धारदार आक्षेप पुराव्यावरच आहे. विजेच्या ब्रशांच्या चाचण्यांना पैसा पुष्कळदा ते ब्रश बनवणाऱ्या कंपन्यांचाच असतो. कॉक्रेनच्या त्या ५६ चाचण्यांपैकी पद्धतीच्या दृष्टीने निर्धोक म्हणाव्यात अशा केवळ पाच होत्या. बहुतेकींत पुरेशी माहितीच दिलेली नव्हती. शिवाय नवे उपकरण हाती आले की माणूस काही दिवस मन लावून वापरतो, आणि आपली तपासणी होणार आहे हे ठाऊक असलेला माणूस तर जास्तच. मग तो फरक या नवलाईचाच कशावरून नसेल? पैशाचा मुद्दा मी मान्य करतो, आणि फायदा बेताचा आहे असे म्हणताना तो धरूनच म्हणतो. पण नवलाईचा मुद्दा आकड्यांपुढे टिकत नाही. नवलाईने मिळालेला फायदा दिवसांगणिक ओसरायला हवा होता; इथे तीन महिन्यांनंतरचा फरक सुरुवातीच्या फरकाहून मोठा आहे.

मग उरतो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. थर कमी होणे हे साधन आहे. दात आणि हिरड्या टिकणे हे साध्य. थर थोडा कमी झाल्याने म्हातारपणी तोंडात दात जास्त उरतात का? इतका काळ चालणारी, चिठ्ठ्या टाकून ब्रश वाटणारी चाचणी करणे अवघडच. त्यामुळे नुसत्या निरीक्षणावर भागवावे लागते. उत्तर जर्मनीच्या पोमेरेनिया भागात २८१९ प्रौढांचा अकरा वर्षे माग ठेवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. विजेचा ब्रश वापरणाऱ्यांत हिरडी आणि दात यांच्यामधली फट खोल होत जाण्याचा वेग २२ टक्क्यांनी कमी होता, आणि टिकलेल्या दातांचे प्रमाण जवळपास २० टक्क्यांनी जास्त. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण हे लोक ब्रश स्वतः निवडत होते. महागडा ब्रश घेणारा माणूस बहुधा थोडा अधिक शिकलेला, थोडा अधिक कमावता, दंतवैद्याकडे वेळेवर जाणारा असतो. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब वजा करण्याचा प्रयत्न केला, तरी काळजीचा स्वभाव कोणत्या रकान्यात लिहिणार? या अभ्यासाने विजेच्या ब्रशची बाजू बळकट होते, सिद्ध होत नाही.

दात किडण्याच्या बाबतीत तर ब्रशचा प्रकार आणखी मागे पडतो. कीड रोखण्यात ब्रशच्या डोक्यापेक्षा त्यावरच्या पेस्टमधल्या फ्लोराइडचा वाटा मोठा आहे. मुलांवरच्या चाचण्यांच्या आढाव्यात फ्लोराइडच्या पेस्टने कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झालेली आढळली आहे. साखर किती वेळा तोंडात जाते हा दुसरा मोठा मुद्दा. दिवसात चार वेळा गोड चहा आणि मधूनमधून गोळ्या-चॉकलेटे खाणाऱ्याने दहा हजारांचा ब्रश आणून कीड थांबेल अशी आशा धरू नये. हिरड्यांसाठी तर किती वेळा घासले यापेक्षा किती नीट घासले याला जास्त मोल आहे, हे १९७३ सालच्या एका प्रयोगात दिसले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी दर ४८ तासांनी एकदाच, पण थर पूर्णपणे काढला, तरी त्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या. त्याहून जास्त दिवस जाऊ दिले तेव्हा मात्र सुजल्या. एक दिवसाआड दात घासा, असा याचा अर्थ कोणी काढू नये: ते विद्यार्थी दंतवैद्यकाचे होते, आणि फ्लोराइड रोजच लागते.

प्रकारांच्या भांडणात फार वेळ घालवण्याची गरज नाही. अर्धवट फिरणारी गोल डोकी आणि अतिशय वेगाने थरथरणारे 'सॉनिक' ब्रश ही दोन मुख्य घराणी. दुसरे १९९० नंतर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींच्या कामातून बाजारात आले. कॉक्रेनच्या आढाव्यात फिरणारे डोके थोड्या काळापुरते किंचित सरस ठरले, आणि तो फरकही लहान म्हणूनच नोंदवला गेला. थरथरीने पाण्याचे झोत तयार होऊन केस न पोचलेल्या जागीही थर निघतो, हा दावा प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांत काही प्रमाणात खरा ठरतो. तोंडात तो तसाच लागू पडतो असे मानण्याजोगा पुरावा नाही. दोन दातांमधल्या फटीत दोन्ही घराण्यांचे केस पोचत नाहीत. तिथे बारीक फटीचा ब्रश किंवा दोराच लागतो. हिरड्या झिजतील ही अनेकांची भीती मात्र अनाठायी आहे. चाचण्यांत नोंदले गेलेले त्रास किरकोळ आणि तात्पुरते होते. जोर लावून, आडवेतिडवे घासण्याची सवय साध्या ब्रशवालाच जास्त जोपासतो, आणि बऱ्याच विजेच्या ब्रशांत जोर वाढला की दिवा लागतो.

हे उपकरण मुळात कोणासाठी निघाले, ते लक्षात घेतले तर पुष्कळ गोष्टी जागच्या जागी बसतात. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी बनवलेला ब्रोक्सोडेंट हा ब्रश हाताची हालचाल नीट न होणाऱ्या आणि दातांना तारा लावलेल्या रुग्णांसाठी होता. पुढे तो सगळ्यांसाठी विकला जाऊ लागला. पण फायद्याचा मोठा वाटा आजही त्या मूळच्या लोकांचाच आहे: संधिवाताने बोटे वळत नाहीत असे आजीआजोबा, कंपवाताचे रुग्ण, अर्धांगाने एक हात गेलेले, तारा लावलेली शाळकरी मुले, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचे दात घासून देणारे मुलगे-सुना. दुसऱ्याच्या तोंडात साधा ब्रश नीट चालवणे किती कठीण असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. अशा घरात विजेच्या ब्रशवर केलेला खर्च चैनीचा मानू नये. त्यांच्या जोडीला उतावळ्यांचा वर्ग धरावा. ज्यांना कितीही सांगितले तरी पाऊण मिनिटात ब्रश खाली ठेवायचाच असतो, त्यांना त्या घड्याळाचा उपयोग होईल, अर्थात त्यांनी ते वाजेपर्यंत बटण बंद केले नाही तर.

महाराष्ट्रात मात्र या सगळ्याच्या अलीकडचे काम अजून शिल्लक आहे. खेड्यापाड्यांतून आणि शहरांतल्या वस्त्यांतूनही दात घासण्याच्या नावाखाली मिश्री लावणाऱ्या बायका आजही भेटतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात साफ करत नाही, व्यसन लावते आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी करते. राखुंडी आणि खरखरीत काळ्या दंतमंजनाने दातावरचे कवच झिजते, आणि त्यात फ्लोराइडही नसते. तिथे साधा मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट पोचणे हे साध्या ब्रशवरून विजेच्या ब्रशवर जाण्यापेक्षा कितीतरी मोठे पाऊल ठरेल.

तुमचा हात धड असेल, तर विजेचा ब्रश विकत घेण्याआधी एक परीक्षा करून पाहा. थर रंगवणाऱ्या गोळ्या औषधाच्या दुकानात मागवता येतात, किंवा दंतवैद्याला रंग लावून दाखवायला सांगता येते. नेहमीसारखे दात घासा, मग रंग लावून आरशात पाहा. रंग उरलेल्या जागा लक्षात ठेवा आणि पुढचे दोन आठवडे मऊ केसांच्या साध्या ब्रशने, घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटे, आधी त्या जागांपासून सुरुवात करून घासा. पुन्हा रंग लावल्यावर दात बऱ्यापैकी स्वच्छ दिसले तर तुमचे पैसे वाचले. नाही दिसले, तर चार्ज होणारा, घड्याळ आणि जोराचा दिवा असलेला साधासुधा विजेचा ब्रश घ्या; मोबाइलला जोडणारा महागडा घेण्याचे कारण नाही. आणि किंमत पाहताना त्याचे डोके दर तीन महिन्यांनी बदलावे लागते, तो खर्चही धरा.